तिन्ही बाजूंनी कापलेली पहिली आवृत्ती

आमच्या गावात एक घर असं होतं, जिथे पाण्याचा तांब्या पुढे यायच्या आधी पाहुण्याला हात धुवायला लावायचे. साबणाने, कोपरापर्यंत. मग साहेब तुमचे तळवे नाकाशी धरून हुंगायचे. तेल, चिवडा, तंबाखू, कसलाही वास आला की परत मोरीत रवानगी. आता एवढं सोवळं कशासाठी, तर साहेबांच्या कपाटासमोर उभं राहण्यासाठी. कपाटातल्या पुस्तकाला हात लावायची परवानगी नव्हतीच. नुसतं उभं राहायचं.

देवळाली प्रवरा गावच्या सार्वजनिक वाचनालयात मी अठ्ठावीस वर्षं ग्रंथपाल होते. साहेब जवळच्या साखर कारखान्यात चीफ केमिस्ट होते. निवृत्त झाले आणि आमच्या कार्यकारी मंडळावर येऊन बसले. सगळं गाव त्यांना साहेब म्हणायचं, बायकोसुद्धा. मला ते 'ग्रंथपालबाई' म्हणायचे आणि ते अशा सुरात, की ऐकणाऱ्याला वाटावं या बाईने नुकतंच काहीतरी लांबवलंय.

साहेबांचा छंद एकच. जगातल्या गाजलेल्या कादंबऱ्यांची मराठी भाषांतरं जमवायची. पण पहिलीच आवृत्ती पाहिजे, आणि बांधणी देखणी पाहिजे. कातडी पाठ, कापडी पुठ्ठा, सोनेरी अक्षरं, आत फुलाफुलांचा कागद. रशियन, फ्रेंच, जर्मन, बंगाली, काहीही चालायचं. यातली एकही भाषा साहेबांना येत नव्हती, पण त्यामुळे त्यांचं काही अडलं नाही. दुसरी आवृत्ती समोर आली की चेहरा असा करायचे, जणू कुणी उष्टं ताट पुढे सरकवलंय.

"अहो साहेब, दुसऱ्या आवृत्तीत छपाईच्या चुका दुरुस्त केलेल्या असतात," मी एकदा म्हणाले. साहेबांची ओळख नवीन होती, तोंड आवरत नव्हतं. आता तरी कुठे आवरतंय म्हणा.

"बाई, पहिल्या मिलचा रस आणि चौथ्या मिलचा रस एकच का? चौथ्याला वरून पाणी मारून चिपाड पिळतात. गोडी पहिल्यात."

"म्हणजे वाचायला पहिली आवृत्ती जास्त गोड लागते?"

"वाचायला?" साहेब माझ्याकडे बघतच राहिले. "वाचायचा इथे काय संबंध?"

तर ही मुद्द्याची गोष्ट. साहेबांनी त्या कपाटातलं एकही पुस्तक वाचलेलं नव्हतं. वाचलं की पाठ सैल होते, पानांना घाम लागतो, कोपरे दुमडतात. पुस्तकाचा खरा शत्रू वाळवी नाही, वाचक, हे त्यांचं ठाम मत. आणि हा मनुष्य वाचनालयाच्या मंडळावर! कपाटात हवेतला ओलावा मोजायचं यंत्र होतं, कापडात बांधलेलं वेखंड होतं, कडुलिंबाचा पाला दर पंधरा दिवसांनी बदलला जायचा. पावसाळ्यात घरात कपडे वाळत नव्हते, पण कपाटाच्या आत एक बल्ब कायम जळायचा.

आणि पुस्तकं मिळवायची रीत तर विचारूच नका. श्रीगोंद्याला त्यांचे एक जुने सहकारी वारले, तर साहेब दहाव्याला गेले. मीही त्याच गाडीत होते, माझ्या माहेरची ओळख होती म्हणून. पिंडाला कावळा शिवेना. सगळे हात जोडून उभे, कुणी मुलाचं लग्न लावून देऊ म्हणतंय, कुणी विहीर पुरी करू म्हणतंय. साहेब पुढे झाले आणि हळूच म्हणाले, "तुझ्या कपाटातली ती जर्मन कादंबरी मी नीट सांभाळीन." नेमका त्याच वेळी कावळा शिवला. आता बोला! घरच्या लोकांनी डोळे पुसत पुस्तक काढून दिलं. परत येताना साहेबांनी गाडीत ते उघडून पाहिलं, तर तिसरी आवृत्ती. राहुरी येईपर्यंत ते मेलेल्या माणसावर चिडलेले होते.

काकू म्हणजे त्यांच्या पत्नी. माहेर पुणतांब्याचं, शेतकऱ्याचं घर, जुनी मॅट्रिक. या बाईला वाचायचं इतकं वेड, की किराण्याच्या पुडीचा कागदही सरळ करून वाचायच्या आणि अर्धी बातमी राहिली म्हणून दुकानदाराला बोल लावायच्या. नवऱ्याच्या कपाटाला कुलूप. पण साहेब जुन्या पुस्तकांच्या शोधात पुण्याला, नगरला चार चार दिवस जायचे, आणि कुलपाची दुसरी किल्ली तांदळाच्या डब्यात होती. काकूंनी सबंध कपाट वाचून काढलं होतं. हात धुऊन, बरं का!

एकदा पाहुण्यांसमोर साहेब एका रशियन कादंबरीचं कौतुक करत होते. कागद कसला, शिवण कशी, छापखाना कुठला. एक बिचारा पाहुणा म्हणाला, "यात गोष्ट काय आहे?" साहेब पुन्हा शिवण दाखवायला लागले. तेवढ्यात आतून आवाज आला, "त्यो म्हातारा शेवटी पोराला ओळखत न्हाई, तवा लई वाईट वाटतं बघा." पाहुणे साहेबांकडे बघतायत, साहेब छताकडे. मग म्हणाले, "हिने लहानपणी वाचली असेल." ते भाषांतर निघालं तेव्हा काकूंना नातू झालेला होता.

आता त्या एका पुस्तकाचं सांगते.

कुठल्याशा समुद्राकाठच्या देशातली कादंबरी. एक पोरगी बापाशी भांडून घर सोडते आणि जहाजावर चढते. काकूंनी ती लग्नाआधी पुणतांब्याला वाचनालयातून आणली होती. जहाज सुटतं तिथवर वाचून झालं आणि घरात लग्नाची बोलणी सुरू झाली. वडिलांनी पुस्तक परत करून टाकलं. काकू गोदावरीकाठून प्रवरेच्या काठी आल्या आणि ती पोरगी राहिली तिकडे समुद्रात. चाळीसेक वर्षं काकू मला, भाजीवालीला, जो भेटेल त्याला विचारत होत्या, "ती पोरगी परत येती का गं घरी?"

आणि तीच कादंबरी एके दिवशी साहेबांना पुण्यात मिळाली. पहिली आवृत्ती. त्यातही खास ग्राहकांसाठी काढलेली प्रत, कातडी पाठीची, आणि पानं न कापलेली. म्हणजे छापलेला मोठा कागद घडी घालून शिवलेला, पण घडीच्या कडा तशाच जोडलेल्या. घेणाऱ्याने सुरीने एकेक कापत वाचायचं. एक पान दिसतं, पुढची दोन घडीच्या पोटात लपतात, मग पुन्हा एक दिसतं. साहेबांना असा आनंद झाला, असा आनंद झाला, की त्यांनी काकूंना चहात साखर जास्त घालू दिली. कुणीही कधीही न उघडलेलं पुस्तक! त्यांच्या लेखी स्वर्ग तोच.

काकूंनी तेही सोडलं नाही. साहेब गावाला गेले की घडी जरा फुगवायची, आत बॅटरी मारायची आणि एका डोळ्याने लपलेली पानं वाचायची. दिवसाला दोन, फार तर तीन पानं. मला म्हणायच्या, "बाई, चोरून वाचायला लई गोड लागतं." पण जहाज वादळात सापडतं तिथवर आल्या आणि डोळेच दगा द्यायला लागले.

काचबिंदू. नगरच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं, गेलेली नजर येणार नाही, उरलेली किती दिवस टिकेल ते बघू. काकूंनी रडून घेतलं एक दिवस. मग मिठाच्या, साखरेच्या, चहाच्या डब्यांना लाल फडकी बांधली, कारण लाल तेवढं त्यांना लांबून कळायचं. घडीच्या पोटात डोकावणं मात्र संपलं.

मी वाचनालयाच्या वर्गणीची पावती द्यायला गेले होते, त्या दिवशी काकूंनी आयुष्यात पहिल्यांदा उघड मागितलं.

"साहेब, त्या पुस्तकाची पानं कापून द्या मला."

साहेब पेपर वाचत होते. पेपर खाली आला नाही.

"कापलं की संपलं ते."

"माझी नजर बी संपत आलीय. मला दुसरं काय नको. ती पोरगी परत येती का न्हाई, तेवढंच बघायचंय."

"दुसरी प्रत शोधतो. कापलेली."

शोधली, खोटं कशाला बोलू. महिनाभर पत्रं लिहिली, फोन केले, मोबाईलवरच्या ग्रंथसंग्राहकांच्या गटात टाकलं. प्रत मिळाली नाही, पुणतांब्याच्या वाचनालयातलीही केव्हाच रद्दीत गेली होती. कारण त्या पुस्तकाची पहिली आवृत्ती हीच शेवटची होती. अख्ख्या महाराष्ट्राने ते न घेण्यात एकजूट दाखवली होती.

"मी वाचून दाखवते घडीतून," मी म्हणाले.

"घडी फुगवून शिवण ढिली करणार तुम्ही? खबरदार!" साहेब ओरडले. काकू आत गेल्या आणि मला इतका राग आला, की वाटलं सुरी घ्यावी आणि पुस्तक राहू दे, आधी या माणसालाच तिन्ही बाजूंनी कापावं.

त्यानंतर जानेवारीत मराठी भाषा पंधरवडा आला. वाचनालयात ग्रंथप्रदर्शन ठरलं. आणि साहेब, ज्यांनी कधी पुस्तकाचं वेष्टणसुद्धा उसनं दिलं नव्हतं, ते मीटिंगमध्ये स्वतः म्हणाले, "माझी तीन पुस्तकं मांडा." त्यात ते न कापलेलंही होतं. मी खुळी, मला वाटलं माझ्या कामाची कदर झाली.

प्रदर्शन संपलं. साहेबांनी दोन पुस्तकं नेली. तिसऱ्याबद्दल म्हणाले, "राहू द्या दोन दिवस. एक प्राध्यापक बघायला येणार आहेत. काचेच्या कपाटात ठेवा." कपाटाची किल्ली खिळ्याला. साहेब रोज दुपारी पेपर वाचायला यायचेच. मी दुपारची जेवायला घरी जायचे.

आता आमच्या वाचनालयातली एक रीत सांगायला हवी. वर्षाच्या तपासणीआधी फाटकी पुस्तकं पोत्यात भरून राहुरीच्या दत्तू बाईंडरकडे जातात. दत्तूची पद्धत ठरलेली. जुनं मुखपृष्ठ फाडायचं, पुस्तक पाठीकडून टोच्याने टोचून आवळून शिवायचं, मशीनवर तिन्ही बाजूंनी कडा छाटायच्या, वर बाटलीहिरवं रेक्झिन आणि पांढऱ्या रंगाने नंबर. पुस्तक कुणाचंही असो, कवितेचं असो की कुक्कुटपालनाचं, बाहेर येताना सगळी सारखी. साहेब त्याला बाईंडर म्हणतच नव्हते. "तो तुमचा ऊसतोड्या," म्हणायचे.

त्या आठवड्यात पोती भरून टेम्पो गेला. दुसऱ्या दिवशी काचेचं कपाट उघडलं, तर तिसरं पुस्तक नाही. कपाटं पालथी घातली, सतरंजीखाली बघितलं, शिपायाची तर मी झडतीच घेतली. साहेब आले तेव्हा मी सांगून टाकलं. ते एवढंच म्हणाले, "शोधा."

दहा दिवसांनी पोती परत आली. यादीपेक्षा एक पुस्तक जास्त. सगळ्या हिरव्यांत ते एकटं लालभडक. उघडून बघितलं. समुद्रावरच्या पोरीची तीच कादंबरी. कातडी पाठ नाही, सोनेरी अक्षरं नाहीत, तिन्ही कडा साफ छाटलेल्या. आणि प्रत्येक पान मोकळं. मी ठरवून टाकलं, पोतं भरताना माझ्याच हातून गेलं असणार. घाईत होते, चष्मा डोक्यावर होता. लाल रंगाचं मात्र मनात आलं. मग म्हटलं, दत्तू मेल्याचं हिरवं रेक्झिन संपलं असेल.

पुस्तक पदरात गुंडाळून साहेबांच्या घरी गेले. साहेबांनी ते हातात घेतलं, उलटं सुलटं केलं आणि ओट्यावर येऊन असे काही गरजले, की समोरच्या घरातले लोक ताटावरून उठून बाहेर आले.

"खून केलात तुम्ही, बाई! पहिल्या आवृत्तीचा खून! मी लेखी तक्रार देणार! नोकरी कशी राहते बघतो!"

मी रडायलाच लागले. साहेब मग आत वळले आणि ते पुस्तक काकूंच्या कॉटवर ठेवलं. टाकलं नाही, ठेवलं. "घे. आता ही रद्दीच. रद्दी वाचायला तुला आवडतंच." आणि पुस्तकांवरचे शिक्के, तारखा तपासायचं आपलं मोठं भिंगही शेजारी ठेवलं. "याचंही आता काही काम नाही मला."

काकूंनी ते लाल पुस्तक छातीशी धरलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बाई, रडू नको. लई मोठी चूक केलीस, देव तुझं भलं करो."

अकरा दिवस मी त्या घरी फिरकले नाही, तोंड कुठे होतं! बाराव्या दिवशी काकूंनीच बोलावणं धाडलं. पुस्तक संपलं होतं. मी विचारलं, "मग? येते का पोरगी परत?"

"सांगनार न्हाई," काकू म्हणाल्या. "चाळीस वर्सं मी थांबले, तू बी थांब थोडी. पर शेवट लिवनाऱ्यानं बरूबर केला न्हाई. माझ्या मनातला बरा हुता." एवढं बोलून हसल्या, आणि हसता हसता पदर डोळ्याला लावला. पुस्तक त्यांनी उशाखालून कुणाला काढू दिलं नाही. पुढे वर्षभरात नजर जवळजवळ गेलीच.

साहेबांची लेखी तक्रार काही आली नाही. पण तोंडी? सहा वर्षं! दर मीटिंगमध्ये, दर प्रदर्शनात, नवा सभासद आला की त्याच्यासमोर, "या बाई. यांनी माझी पहिली आवृत्ती मारली." मी मान खाली घालून ऐकायचे. एकदा तर शाळेतल्या मुलांना वाचनालय दाखवायला आणलं, तर त्यांनाही माझी हीच ओळख.

या वर्षी मी निवृत्त झाले. निरोपाचा कार्यक्रम झाला. साहेबांनी भाषण केलं, आता त्यांना काठी लागते, पण आवाज तोच. माझ्या नोकरीचं थोडं कौतुक आणि त्या खुनाचं सविस्तर वर्णन. टाळ्या झाल्या. चहाच्या वेळी दत्तू बाईंडर नारळ घेऊन जवळ आला. कान पकडत म्हणाला, "बाई, आज तरी सांगतो. ते पुस्तक तुमच्या पोत्यात नव्हतंच."

"म्हणजे?"

"साहेब सोता गाडीवर घिऊन आल्ते दुकानात. म्हनले, तिन्ही बाजूनं काप. मी म्हनलं, साहेब, लई भारी पुस्तक हाय, नका. तर तोंड तिकडं करून हुभे राह्यले, मशीन चालू हुतं तवर. कातडी कव्हर तेवढं मागून नेलं. म्हनले, बाईंच्या गठ्ठ्यात घाल आन् कुनाला बोलू नको. रंग बी त्यांनीच सांगितला. म्हनले, हिरवं नको, लाल लाव. तिला लाल लांबून दिसतं."

मी कप खाली ठेवला. सहा वर्षं या माणसाने मला गावभर खुनी म्हणून मिरवलं! असा संताप आला, की वाटलं आत्ता माईक हातात घ्यावा. मग साहेबांकडे बघितलं. ते कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून आपल्या वाटणीचा पेढा रुमालात बांधत होते, काकूंसाठी. गाठ नीट बसेना म्हणून परत सोडत होते, परत बांधत होते.

मी जाऊन समोर उभी राहिले. "साहेब, त्या पुस्तकाचं चुकलंच हो माझं."

"चुकलंच," साहेब म्हणाले. "माफी नाही त्याला."

"मी कुठे मागतेय."

गाठ बसली. साहेबांनी रुमाल खिशात घातला. मग चिडून म्हणाले, "आणि कापलं ते कापलं, पण तुमच्या त्या ऊसतोड्याला सांगा, टाके इतके आत घेतात का? पुस्तक पुरतं उघडायचंच नाही. तिच्या एका हातात भिंग. अकरा दिवस पानं मला दाबून धरावी लागली. अंगठा धरून यायचा माझा."

मी खाली वाकले. कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून अगदी हळू विचारलं, "मग साहेब, ती पोरगी येते का हो परत?"

साहेबांनी आजूबाजूला बघून घेतलं.

"येते," ते म्हणाले. "शेवटून तिसऱ्या पानावर. फार उशिरा येते, पण येते." आणि काठी शोधायला लागले.